होल सॉ पेटीत नीट कसे लावता? आतल्या खाचा घरीच करायच्या आहेत

सव्वासूत
नमस्कार मंडळी. बाय-मेटल होल सॉचे (ड्रिलला लावून मोठं गोल भोक पाडणारे, वाटीसारखे, कडेला दाते असलेले) दोन सेट आणि वेळोवेळी सुटे घेतलेले, असं मिळून १६ मिमीपासून ७६ मिमीपर्यंत बरंच भांडवल जमलंय. सेटबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पेट्यांचा अनुभव इथे बहुतेकांना असेलच. कप्पे त्या सेटपुरते, मधला एखादा साइझ वेगळा आणला की त्याला जागा नाही. काही पेट्यांत एकात एक घालून ठेवायची सोय असते, पण ३२ चा हवा असेल तर आधी ५१, ४४, ३८ उपसत बसा.

म्हणून आता सगळ्यांसाठी एकच पेटी करतोय. रिकामी पेटी घेतली आहे, आतून ४०० बाय ३००, खोली ६५ मिमी. ॲक्टिव्हाच्या पायाशी आडवी बसते, त्यामुळे माप बदलणार नाही. कामं म्हणजे सोसायटीतली आणि मित्रांकडची: सिंकला नळ, टाकीला जोड, सीलिंगचे लाइट, टेबलाला वायरचं भोक.

आत फोम कापून बसवावा की प्लायमध्ये खाचा कराव्यात? दाते वर ठेवावेत की खाली? आणि आर्बर (सॉ मशीनला जोडणारा दांडा, मधोमध पायलट म्हणजे बारीक ड्रिल असलेला) कुठे झोपवायचे? ईव्हीए (दाट रबरी फोम) शीट रविवार पेठेत मिळतं हे माहीत आहे, पण कटरने गोल कापताना कड फाटते.

तिखटजाळ
फोटो नाही तर धागा नाही.

पॅनेलवाला_भोसरी
फोमच्या आधी एक सांगतो. साइझच्या क्रमाने लावू नका, आर्बरच्या हिशेबाने लावा. बाय-मेटलमध्ये साधारण १४ ते ३० मिमीपर्यंत चार सुताचा थ्रेड असतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला २० आटे. ३२ पासून वर पाच सुताचा, इंचाला १८ आटे. म्हणजे पेटीचे सरळ दोन भाग पडतात. लहान आर्बर लहानांच्या शेजारी, मोठा मोठ्यांच्या. शिडीवर उभं राहून ३५ चा काढला आणि हातात लहान आर्बर आला की माणूस काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

स्वस्त सेटमधले मात्र यात धरू नका. त्यांचा आर्बर त्यांचाच, दुसऱ्या कशाला बसत नाही. त्यांना वेगळ्या डब्यात टाका.

कीर्ती_हडपसर
पॅनेलवाला यांच्याशी सहमत. मी फर्निचर करते, माझी पेटी फोमची नाही, खुंट्यांची आहे. खाली १२ मिमी प्लाय, त्यात लाकडी डॉवेल उभे ठोकलेले. होल सॉच्या बुडाच्या भोकातून डॉवेल जातो, सॉ खुंटीवर बसतो, दाते वर. खुंटी असल्यामुळे सरकत नाही, आणि काढताना नुसता वर उचलायचा. चार सुताच्या थ्रेडला १२ मिमी डॉवेल, पाच सुताच्याला १५. टिंबर मार्केटमध्ये डॉवेलच्या काठ्या मिळतात.

पॅनेलवाला_भोसरी
ताई, आयडिया झकास, पण मापं तपासा. चार सुताच्या थ्रेडचा आतला व्यास साडेअकराच्या आसपास भरतो, १२ चा डॉवेल जाणार नाही. ११ चा लागेल. पाच सुताच्याचा साडेचौदाच्या आसपास, तिथे १४ चा. व्हर्नियर लावून बघा. १२ ची काठी ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरून सँडपेपरमध्ये फिरवली की पाच मिनिटांत ११ होते.

कीर्ती_हडपसर
बरोबर आहे, माझे डॉवेल घासलेलेच आहेत, लिहिताना काठीचं माप लिहिलं. :-)
याचा एक फायदा मात्र सांगायचा राहिला. १४ च्या खुंटीवर लहान सॉ बसतच नाही. त्यामुळे घाईत कुणी मदतनीसाने पेटी भरली तरी लहान सॉ मोठ्यांच्या जागी जाऊ शकत नाही.

नेहमीचा_वाचक
दाते वर?? पेटीत हात घातला की बोटं सोलणार. माझ्या मते खालीच हवेत.

कीर्ती_हडपसर
हात घालायचा नाही, बघून उचलायचा. दाते वर असले की कुठला सॉ झिजलाय, कुणाचा दात तुटलाय, कुणात लाकडाची चकती अडकून राहिलीय हे झाकण उघडताच दिसतं. खाली असले की हे साइटवर गेल्यावर कळतं.

धायरीचा_धन्या
फोमवाल्यांतर्फे मी बोलतो. माझं आयुष्य कंपनीत फाइव्ह-एसमध्ये (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) गेलंय, त्यामुळे शॅडो बोर्ड, म्हणजे प्रत्येक हत्याराची जागा आखलेला फळा, डोक्यात पक्का. दोन रंगांचं ईव्हीए घ्या: वर काळं, खाली पिवळं. काळ्यात आरपार भोकं पाडा आणि पिवळ्यावर चिकटवा. सॉ जागेवर नसेल तर पिवळा डोळा वटारून बघतो. निघताना झाकण लावायच्या आधी एक नजर पुरते, गिऱ्हाइकाच्या माळ्यावर काही विसरत नाही.

गोल कापायला कटर वापरूच नका. त्या मापाच्या जवळपासची पातळ स्टीलची नळी घ्या, जुन्या खुर्चीचा पाय, पडद्याचा रॉड, काहीही. एका टोकाला बाहेरून ग्राइंडर फिरवून धार काढा. खाली लाकडी फळी ठेवून नळी दाबत हाताने फिरवायची. कड अशी स्वच्छ येते की साच्यातून काढल्यासारखी वाटते. भोक सॉपेक्षा अर्धा-एक मिमी लहान ठेवलं तर फोम धरून ठेवतो.

आणि ईव्हीएच घ्या, नाहीतर दाट पॉलिथिलिन फोम. गादीवाल्याकडचा स्पंज नको. तो पाणी पितो, पावसाळ्यात सगळे सॉ लाल.

नेहमीचा_वाचक
होल सॉनेच फोम कापला तर?

धायरीचा_धन्या
दाते फोम पकडून गुंडाळतात. फाटतो. अगदी करायचंच असेल तर मशीन उलट दिशेने फिरवा, थोडं बरं येतं.

फिलामेंटभक्त
२०२६ मध्ये लोक खुर्चीचे पाय घासतायत आणि कोणी थ्रीडी प्रिंटरचं नाव काढत नाही? ग्रिडफिनिटी बघा. झॅक फ्रीडमनने २०२२ मध्ये काढलेली पद्धत आहे, फाइली फुकट मिळतात. पेटीच्या तळाला ४२ मिमीच्या चौकटींची जाळी, आणि त्यात बसणारे डबे. ३८ पर्यंतचे होल सॉ एका चौकटीत मावतात, त्यापुढचे दोन बाय दोनमध्ये. उद्या नवीन साइझ आला तर एक डबा छापायचा आणि बाकीचे सरकवायचे. फोम एकदा कापला की कापला.

पॅनेलवाला_भोसरी
घरातल्या ड्रॉवरसाठी उत्तम. स्कूटरवर नेणार असाल तर पेटी आडवी-उभी होते, डबे जाळीतून सुटतात. झाकणाने वरून दाब दिला तरच जागेवर राहतील.

फिलामेंटभक्त
त्याला मॅग्नेट असतात, ६ बाय २ मिमीचे, डब्याच्या बुडात.

पॅनेलवाला_भोसरी
आणि पत्र्याची बर (कापताना निघणारा लोखंडी कीस) कुठे जाणार? त्याच मॅग्नेटवर. पत्रा कापून आलेल्या सॉला बर चिकटलेली असतेच. मग डबा बसतो वाकडा, आणि मॅग्नेटवरून बर काढणं म्हणजे जन्माची शिक्षा.

धायरीचा_धन्या
शिवाय पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तर डब्यांचे खाकरे होतील. छापायचंच तर पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापा, ते ८० च्या आसपासपर्यंत तग धरतं.

तिखटजाळ
खाकऱ्याचा फोटो तरी टाका.

आडवाटेची
साइनबोर्डवाल्याकडून लेझरने कापून घेतलं तर? आमच्या इथे एक जण सनबोर्डची अक्षरं करतो. फाइल दिली की झालं.

फिलामेंटभक्त
सनबोर्ड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसी फोम असतं. ते लेझरखाली घालायचं नाही. क्लोरीनमुळे हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, माणसाच्या फुप्फुसाला वाईट आणि मशीनही गंजतं. जाणकार लेझरवाला स्वतःच नाही म्हणेल. सनबोर्ड राउटरवर कापतात. लेझर हवं असेल तर ॲक्रिलिक किंवा एमडीएफ द्या.

लेथवरचे_काका
सगळं वाचलं. फोम, प्रिंटर, लेझर, सगळं चांगलं आहे. पण अहो, हातात होल सॉ आहे ना? त्यालाच त्याची जागा कापू द्या.

१२ मिमीचा प्लाय पेटीच्या मापाचा कापून घ्या. ज्याची जागा करायची तो सॉ मशीनला लावा आणि प्लायमध्ये सात-आठ मिमीच उतरा, आरपार जाऊ नका. मधली चकती तशीच राहते आणि तिच्याभोवती गोल चर पडतो. तो चर म्हणजे त्या सॉची जागा. आर्बर सोडवा, सॉ उलटा करून दाते चरात सोडा. दात आत-बाहेर थोडे वाकवलेले असतात, त्यामुळे चर सॉच्या भिंतीपेक्षा जरासा रुंद होतो आणि सॉ अडकत नाही. मधली चकती आतून आधार देते. खुंटी नको, फोम नको, माप घ्यायला नको. चुकीचा सॉ चुकीच्या चरात बसूच शकत नाही.

आता बारकावे. सॉच्या अंगावर दातांपासून आठ मिमीवर चिकटपट्टी लावा, पट्टी प्लायला टेकली की थांबायचं. एका दमात खाली जाऊ नका, चरात भुसा कोंबला जातो आणि प्लाय जळून काळा पडतो. दोन मिमी उतरा, बाहेर काढा, भुसा उडवा, परत उतरा. पायलटचं भोक आरपार जाईल, जाऊ द्या. ड्रिल स्टँड असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर सॉ आधी उलटा फिरवून हलका गोल उमटवून घ्या, मग सरळ. दोन चरांमध्ये निदान १२ ते १५ मिमी सोडा, नाहीतर बोटं जाणार नाहीत.

उंचीचा हिशेब: बाय-मेटल सॉ बुडासकट ५० च्या आतबाहेर असतो. प्लाय १२, त्यातला ८ चरात गेला, म्हणजे सॉची वरची कड तळापासून साधारण ५४ वर येते. तुमची खोली ६५. उरलेल्या जागेत झाकणाला आतून १२ मिमीचा मऊ ईव्हीए चिकटवा. झाकण लावलं की सगळे दाबले जातात, पेटी उलटी केली तरी खडखड नाही. झाकणाची स्वतःची खोली असेल तर तेवढं शीट जास्त.

प्लाय ७१० चा घ्या, तो पाण्याला टिकतो. एमडीएफ नको, एका पावसाळ्यात चर फुगून सॉ आवळून धरेल.

नेहमीचा_वाचक
काका, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

आडवाटेची
+१. आणि दाते आपोआप खाली गेले. :-)

कीर्ती_हडपसर
चराची कल्पना आवडली, पण दाते झाकले जातात ही माझी तक्रार कायम आहे. आणि सॉ उलटा ठेवला की साइझ वाचता येत नाही. कित्येकांचा आकडा अंगावर खोदलेला असतो, तोही रंग उडालेला.

लेथवरचे_काका
बुडावर पेंट मार्करने आकडा घालायचा. मी मिमी आणि सूत दोन्ही घालतो. आमचा सुतार "सहा सुताचा द्या" म्हणतो, त्याला १९ सांगून उपयोग नाही.
झिजलेले दाते बघायचे ते काम झाल्यावर, पेटीत परत ठेवायच्या आधी. चकतीही तेव्हाच काढायची. अंगावरच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेर ढकलायची.

कीर्ती_हडपसर
काम संपल्यावर पेटी कोण नीट भरतं, काका. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना घरी जायचं असतं. पेटी आळशी माणसासाठी असली पाहिजे.

लेथवरचे_काका
हे मात्र कबूल.

टाकीवाला
प्लंबर आहे, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो. १६ ते ७६ सगळे घेऊन फिरायचं कशाला? एवढं लोखंड ॲक्टिव्हावर नेऊन कुठल्या गावी भोकं पाडणार आहात? पेटीत आठवड्याला लागतात तेवढेच ठेवा, बाकीचे घरी.

आणि आकड्याऐवजी काम लिहा. पाइपचं नाव आणि भोकाचं माप कधीच जुळत नाही. अर्ध्या इंची टँक निपलचे आटे बाहेरून २१ च्या जवळ असतात, त्याला २२ चा सॉ. पाऊण इंचीचे साडेसव्वीस, त्याला २७ किंवा २८. एक इंचीचे सव्वातेहेतीस, त्याला ३५. सिंकच्या नळालाही साधारण ३५. माझ्या पेटीत '३५' लिहिलेलं नाही, 'नळ, एक इंच टाकी' असं लिहिलंय. मुलगा मदतीला येतो त्यालाही विचारावं लागत नाही.

पॅनेलवाला_भोसरी
टाकीवाले भाऊ, मान गये. आमच्याकडे २२ ची इंडिकेटर आणि पुश बटणं, भोक २२.५ चं. त्या जागेला 'बटण' लिहून टाकतो. वायर मॅनेजरचं ६० चं भोक म्हणजे 'टेबल'.

तिखटजाळ
मी पेटीवर काय लिहिलंय सांगू? "होल सॉ मागू नये. आर्बर तर मुळीच मागू नये. पायलट ड्रिल मोडून आणून देणाऱ्यांनी जिन्यातच थांबावे."

आडवाटेची
सदाशिव पेठ? :-D

तिखटजाळ
नारायण. अपमान करू नका.

धायरीचा_धन्या
अवांतर: झाकणाच्या आतल्या बाजूला आरपीएमचा तक्ता चिकटवा, पेटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. लोखंडी पत्र्यात २५ चा सॉ ३५० च्या आसपास, ५१ चा १७०, ७६ चा ११५. साइझ दुप्पट, वेग निम्मा. आपल्याकडे सगळे जण ट्रिगर शेवटपर्यंत दाबून धरतात, दाते निळे पडतात, आणि मग म्हणतात सॉ खराब लागला. पत्र्याला दोन थेंब कटिंग ऑइल, आणि मोठ्या सॉला बाजूचं हँडल लावल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. ५१ चा सॉ अडकला तर मनगट फिरवतो.

पॅनेलवाला_भोसरी
ऑइल लावलेले सॉ तसेच पेटीत ठेवू नका मात्र. तेलाला बर आणि भुसा चिकटून चरात राडा होतो. फडक्याने पुसून ठेवा. गंजाची भीती असेल तर व्हीसीआय कागद टाका. चाकण-भोसरीकडे गाड्यांचे सुटे भाग त्यातच गुंडाळून बाहेर जातात. कागदातून निघणारी वाफ धातूवर बसून गंज अडवते. पेटी घट्ट बंद होत असेल तर एक तुकडा बराच काळ काम देतो, दर तासाला उघडणार असाल तर काही उपयोग नाही.

नेहमीचा_वाचक
आर्बरचं उत्तर कोणी दिलंच नाही. धागा पाटीवर, आरपीएमवर, पेठांवर फिरून आला.

लेथवरचे_काका
आर्बर आडवा ठेवायचा, पायलट काढायचा नाही. लाकडाच्या ठोकळ्यात सात मिमीचं भोक पाडून ठोकळा प्लायला स्क्रू करा, पायलटचं टोक त्यात सरकवा. मागचा दांडा कंड्युटच्या (वायरिंगच्या पाइपच्या) पीव्हीसी क्लिपमध्ये दाबा, जाडीला बसेल ती क्लिप. एका बाजूने खुपसायचं, दुसऱ्या बाजूने दाबायचं. टोक ठोकळ्यात असल्यामुळे पायलटची धारही जपली जाते. ठोकळ्यात शेजारी दोन जादा पायलट उभे करून ठेवा, मोडतो तो पायलटच.

सव्वासूत
सगळ्यांचे आभार, आणि तिखटजाळ, फोटो खाली टाकलाय.

असं ठरलं: काकांचे चर, पण सगळ्यांसाठी नाही. ३२ आणि त्यावरचे चरात, दाते खाली. लहान सॉ कीर्तीताईंच्या ११ च्या खुंट्यांवर, दाते वर, कारण लहानांमध्येच चकती जास्त अडकते आणि ती दिसलेली बरी. लहानांच्या भागावर झाकणाचा फोम दातांना टेकू नये म्हणून तिथे फोममध्ये खुर्चीच्या पायाने गोल खळगे काढलेत. म्हणजे धन्याची नळीही वापरली. आर्बर काकांच्या पद्धतीने.

टाकीवाले म्हणाले तसं १६, ५७, ६४ घरी ठेवले. ७६ ठेवला, आमच्या सोसायटीत सगळीकडे तीन इंची सीलिंग लाइट आहेत. चराशेजारी कामाची नावं लिहिली आणि आकडे बुडावर. चर करताना ४४ ला प्लाय थोडा जळला, वेग जास्त होता. तक्ता त्यानंतर चिकटवला.

धायरीचा_धन्या
:-D

तिखटजाळ
फोटो बघितला. पेटी छान, मागे दिसणारा चिवडा जास्त छान.

कीर्ती_हडपसर
मस्त झालीय. खुंट्यांची टोकं जरा गोल करून घ्या, सॉ सोडताना पटकन बसतात.

आडवाटेची
आता माझा प्रश्न. टाइल्सचे डायमंड कोअर बिट याच पेटीत चरात ठेवले तर चालतील का? माझ्याकडे चार आहेत, वेगळी पेटी करायचा कंटाळा आलाय.

टाकीवाला
नको. डायमंडचे बिट बहुतेक पाणी घालून चालवायचे असतात. निघताना ते ओले, आणि वर टाइलचा पांढरा गाळ. कितीही झटकले तरी आत ओल राहते, आणि शेजारच्या बाय-मेटलला दोन दिवसांत तांबडे डाग. शिवाय त्यांना पायलट नसतो, म्हणजे आर्बरची सोय त्यांच्या कामाची नाही, आणि ग्राइंडरचे असतील तर थ्रेडही वेगळा. झाकणाला भोकं पाडलेला साधा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला जुनं फडकं, आणि पेटीच्या बाहेर पट्ट्याने बांधा.